पार्किन्सन्स: दोन महिन्यांत सहा वेळा पडले, नोंद खाली दिली आहे. कुठून सुरुवात करू?

सूनबाई_वाडी:

सासरे ७२ वर्षांचे, वजन ७८ किलो, पार्किन्सन्सचं निदान होऊन आठ वर्षं झाली. घर बडोद्यात वाडी भागातलं जुनं, तळमजल्यावर. कोटा फरशी, प्रत्येक खोलीला दोन इंची उंबरठा. माजघरातून न्हाणीघराकडे जाणारा बोळ अडीच फुटी आहे आणि शेवटी काटकोनात वळतो.

औषधं अशी: पार्किन्सन्ससाठी लेवोडोपा-कार्बिडोपा १००+२५ एकेक गोळी सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ ला. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, नाश्त्यानंतर. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ०.४ रात्री. चक्कर येते म्हणून जवळच्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांपूर्वी सिनारिझिन २५ दिली आहे, दिवसातून दोनदा, ती चालू आहे.

पडण्याची नोंद:

१) सकाळी ६:१०. पलंगावरून उठून न्हाणीघराकडे जाताना बोळाच्या वळणावर डाव्या कुशीवर.
२) सकाळी १०:४०. दाराची बेल वाजली, घाईने निघाले, उंबरठ्याशी पाय चिकटले, धड पुढे गेलं. गुडघे आणि हनुवटी.
३) दुपारी २:००. सव्वाला जेवण झालेलं. खुर्चीतून उठून चार पावलं टाकली, डोळ्यांपुढे अंधारी, जागच्या जागी खाली बसल्यासारखे कोसळले.
४) संध्याकाळी ५:३०. झोपाळ्यावरून उठताना सरळ मागे.
५) रात्री २:२०. लघवीला उठल्यावर, पलंगाशेजारीच.
६) सकाळी ६:३०. पुन्हा बोळाचं तेच वळण. या वेळी हातात वॉकर होता, चार पायांचा, उचलून पुढे ठेवायचा.

शेवटची चार पडणी गेल्या पाच आठवड्यांतली. न्युरॉलॉजिस्टची वेळ अठरा दिवसांनी मिळाली आहे. तोवर घरात काय करता येईल? वॉकर आणल्यापासून ते जास्त अडखळतात, हे कसं? न्हाणीघरात धरायचे दांडे कुठे आणि कसे लावायचे? आणि पडल्यावर उचलायचं कसं? दिवसा घरी मी आणि सासूबाई दोघीच. "जपून चाला" हे दिवसातून पन्नास वेळा म्हणून झालंय, त्याचा काडीचा उपयोग नाही.

चालणं_शिकवतो:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नोंद उत्तम ठेवली आहे, वेळ आणि दिशा दोन्ही लिहिल्यामुळे निम्मं काम झालं. तुमच्याकडे सहा पडणी आहेत पण प्रकार चार आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. क्रमांक ३ आणि ५ मध्ये रक्तदाबाचा वास येतो, त्यावर औषधांचं जाणणारं कुणी लिहील. मी बाकीच्यांवर लिहितो.

क्रमांक १ आणि ६, वळण. निरोगी माणूस वळताना आधी मान वळते, मग खांदे, मग कंबर, शेवटी पाय. पार्किन्सन्समध्ये हे सुटं सुटं होत नाही, सगळं शरीर ओंडक्यासारखं एकदम वळतं आणि पावलं मात्र आखूड होत जातात. आतल्या बाजूचा पाय जमिनीत रोवलेला राहतो, धड पुढे निघून जातं आणि माणूस कुशीवर पडतो. त्यात सकाळचे सहा म्हणजे आदल्या संध्याकाळच्या ७ च्या गोळीला अकरा तास उलटलेले, अंगात औषध जवळजवळ नाहीच. मोकळ्या खोलीत आम्ही अर्धवर्तुळात मोठा फेरा मारून वळायला शिकवतो, पण अडीच फुटी बोळात फेरा कुठून मारणार? तिथे घड्याळाची पद्धत वापरा. वळणाशी पूर्ण थांबायचं. आपण घड्याळाच्या मध्यावर उभे आहोत आणि तोंड १२ कडे आहे असं धरायचं. वळणाच्या बाजूचा पाय उचलून १ वर, दुसरा त्याच्या शेजारी. मग २ वर, दुसरा शेजारी. मग ३ वर. तीन टप्पे, प्रत्येक वेळी पाय उचलायचा, टाचेवर गिरकी घ्यायची नाही, पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत. मोजणी त्यांनी स्वतः मोठ्याने करायची. तुम्ही मोजून दिली तर तेवढा परिणाम होत नाही.

क्रमांक २, पाय चिकटणं. दाराची चौकट, अरुंद जागा, वळण, घाई आणि एका वेळी दोन कामं, ही याची ठरलेली ठिकाणं. बेल वाजणं म्हणजे घाई, चौकट आणि "कोण आलं असेल" हा विचार, तिन्ही एकत्र. उपाय सोपा आहे, बेलेला उठायचं त्यांचं काम नाही, हे घरात जाहीर करून टाका. तरीही पाय चिकटला तर: थांबायचं, पाठ सरळ करायची, वजन डाव्या-उजव्या पायावर दोन-तीनदा टाकायचं (जागच्या जागी डोलल्यासारखं) आणि मग मुद्दाम मोठं पहिलं पाऊल, टाच आधी टेकवून. जवळच्या माणसाने हात धरून पुढे ओढायचं नाही. पाय जागेवर आणि धड पुढे, म्हणजे तुम्हीच त्यांना पाडता. त्याऐवजी आपला पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवा आणि "माझ्या पायावरून पलीकडे पाऊल टाका" म्हणा. बहुतेक वेळा पाय लगेच सुटतो.

याचं कारण असं की सवयीचं चालणं मेंदूच्या ज्या भागातून आपोआप चालतं तोच भाग या आजारात अडतो, पण डोळ्यांना दिसणारी रेघ किंवा कानांवर पडणारा ठेका यांच्या आधाराने टाकलेलं पाऊल वेगळ्या वाटेने येतं. म्हणून तांब्या आणायला उठलेला माणूस उंबरठ्यात अडतो आणि नवरात्रात गरब्याचा ठेका सुरू झाला की त्याच माणसाचे पाय उचलले जातात. बडोद्यात हे समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. घरी मोबाइलवर मेट्रोनोमचं (एकसारखा टिक-टिक ठेका देणारं) ॲप टाका. गोळीचा अंमल चांगला असताना ते मिनिटाला किती पावलं टाकतात ते मोजा, आणि ठेका तेवढाच किंवा किंचित कमी ठेवा. वाढवला तर पावलं आखूड होत पळत सुटतात.

वॉकरबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. उचल, ठेव, पाऊल टाक, पुन्हा उचल, या क्रमात चालण्याची लय प्रत्येक पावलाला तुटते आणि पाय चिकटायला नवं निमित्त मिळतं. शिवाय वॉकर उचललेला असतो त्या क्षणी आधार शून्य, आणि यांचा तोल आधीच मागे जाणारा. चाकांचा वॉकर बरा, पण साधी चार चाकं पुढे धावतात आणि माणूस मागून धावतो. ब्रेकचा दांडा दाबला तरच चाक फिरतं, सोडला की थांबतं, अशा उलट्या ब्रेकचा मिळाला तर घ्या. मुठीची उंची: सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे. बोळात मात्र कुठलाच वॉकर नको, तिथे भिंतीला कठडा हवा.

क्रमांक ४, झोपाळा. दुपारी ३ ची गोळी घेऊन अडीच तास झालेले, म्हणजे हा गोळी उतरल्याचा प्रकार असेलच असं नाही. मागे तोल गेला की आपण नकळत एक पाऊल मागे टाकून सावरतो. ही प्रतिक्रिया पार्किन्सन्समध्ये मंदावते आणि लेवोडोपाने ती फारशी परत येत नाही. थरथर आणि ताठरपणा जितका गोळीने सुधारतो तितका तोल सुधारत नाही, हे घरच्यांनी धरून चालावं. त्यात झोपाळा: उठायला रेटा दिला की बैठक मागे सरकते. हातांची, सरळ पाठीची, साधारण १८ इंच उंचीची लाकडी खुर्ची द्या. उठायची पद्धत: पुढच्या कडेला सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे आणि खांद्याएवढी फाकवून, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, हातांनी खुर्चीचे हात खाली दाबायचे, एक-दोन-तीन म्हणत उठायचं. उठल्यावर पाच मोजेपर्यंत चालायचं नाही.

गोळीचं_गणित:

औषधांचं मी लिहितो. आधी सिनारिझिन. पोटात गोळा आला वाचून. ही गोळी आणि तिची बहीण फ्लुनारिझिन डोपामिनच्या (मेंदूतलं हालचालीचं रसायन, लेवोडोपा तेच भरून काढते) कामात अडथळा आणतात, धडधाकट म्हाताऱ्या माणसातही पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी करू शकतात. ज्याला आजार आहेच त्याला ती देणं म्हणजे एका नळाने भरायचं आणि दुसऱ्याने सोडायचं. तुमची चार पडणी गेल्या पाच आठवड्यांतली आहेत, गोळीही पाच आठवड्यांचीच. हा योगायोग असू शकतो, पण मी तसं धरून बसणार नाही. आजच त्या डॉक्टरांना फोन करून "पार्किन्सन्स आहे, ही बंद करू ना?" असं विचारा. परिणाम उतरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून दोन दिवसांत फरक दिसला नाही तरी धीर सोडू नका.

याच यादीत प्रोक्लोरपेराझिन (चक्कर-उलटीसाठी सर्रास देतात), मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल आहेत. आणि एक छुपा रुस्तम, लेवोसल्पिराइड. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोलबरोबर घातलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. नावापुढच्या अक्षरांवर जाऊ नका, पट्टीच्या मागचे घटक भिंग लावून वाचा. हीच यादी एका कार्डावर लिहून सासऱ्यांच्या खिशात ठेवा, रात्री-अपरात्री कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तरी कामाला येईल.

लेवोडोपाची मात्रा स्वतः बदलू नका, आणि एकदम बंद तर अजिबात नाही, ते जिवावर बेतू शकतं. पण वेळा बघा. ते उठतात सहाला आणि पहिली गोळी सातला. उठण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी पलंगावरच देता येईल का, हे न्युरॉलॉजिस्टला फोनवर विचारण्यासारखं आहे. क्रमांक २ ची १०:४० ही वेळही ११ च्या गोळीच्या तोंडावर आली आहे, म्हणजे सातची गोळी चार तास पुरत नसावी. गोळी पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून आत जायला एकाच दारावर गर्दी करतात. रविवारी सकाळी सेव-उसळ चापून वर गोळी घेतली की "आज गोळी चढलीच नाही" ही तक्रार ठरलेली. लोहाची गोळी असेल तर तीत आणि लेवोडोपात दोन तासांचं अंतर ठेवा.

आता क्रमांक ३ आणि ५. मनगटाचं नको, दंडावर पट्टा बांधायचं बीपी मशीन घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा, शेजारी एक जण आधाराला हवाच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवणानंतर पाऊण तासाने, असं तीन दिवस मोजून आकडे इथे लिहा.

सूनबाई_वाडी:

सिनारिझिन त्याच दिवशी फोनवर विचारून बंद केली. तीन दिवसांचे आकडे जवळपास सारखेच आले. सकाळी: झोपून १४४/८२, उभं १ मिनिट ११८/७४, ३ मिनिटं ११०/७०. जेवणानंतर पाऊण तासाने: झोपून १२८/७४, उभं ३ मिनिटं ९४/६०, आणि तेव्हा "खांदे आणि मान भरून आली" म्हणाले. चक्कर असं नाही म्हणाले.

गोळीचं_गणित:

सकाळी ३४ ने उतरलं, दुपारी ९४ पर्यंत आलं. मान आणि खांदे भरून येणं हेही याचंच लक्षण, वरच्या स्नायूंना रक्त कमी पडतं. अठरा दिवस थांबू नका. हे आकडे आणि औषधांची यादी न्युरॉलॉजिस्ट आणि बीपीची औषधं देणारे डॉक्टर दोघांनाही पाठवा. बीपीच्या दोन गोळ्या आणि टॅमसुलोसिन, तिघांचीही आता फेरतपासणी हवी. लेवोडोपानेसुद्धा बीपी थोडं उतरतं. कुठली कमी करायची ते त्यांनीच ठरवायचं, कारण अशा रुग्णांचं बीपी आडवं झोपल्यावर उलट वर चढलेलं असू शकतं.

तोवर घरी: उठण्याआधी दोन ग्लास पाणी, सुमारे ४०० ते ५०० मिली, पाच मिनिटांत संपवायचं. याने तासभर तरी बीपी थोडं धरून राहतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते नऊ इंचांचे लाकडी ठोकळे घाला. दोन उशा रचल्याने नुसती मान वाकते. दुपारचं जेवण निम्मं करा आणि उरलेलं चारला द्या. भाताचा डोंगर आणि वर श्रीखंड, यानंतर रक्त सगळं पोटाकडे धावतं. जेवल्यावर तासभर बसून राहू दे. रात्री लघवीसाठी पलंगाशी युरिनलची बाटली ठेवा, २:२० ला चालायची गरजच नको.

ओळंबा:

दांड्यांचं आणि दुरुस्तीचं काम माझं. आधी भिंत बघा, मग दांडा विकत घ्या. वाडी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांतल्या जुन्या घरांच्या भिंती बऱ्याचदा चुन्यातल्या आणि मऊ विटेच्या असतात. त्यात फुगणारा बोल्ट मारला की वीट आतल्या आत भुगा होते, बाहेरून दांडा घट्ट दिसतो आणि ज्या दिवशी खरोखर वजन येतं त्या दिवशी फरशीसकट हातात येतो. अशा भिंतीत रसायन भरून बसवायचा बोल्ट घ्या. साडेचार इंची आडभिंत असेल तर आरपार बोल्ट टाकून पलीकडून दोन इंच चौरस लोखंडी पट्टी लावा. प्लॅस्टिकची गिट्टी आणि दीड इंची स्क्रू हे टॉवेलच्या दांडीचं काम, माणसाचं नाही. रबरी चोषणीवर चिकटणारे दांडे तर फुकट दिले तरी घेऊ नका. टाइल्सवर नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तिथे भोक पाडायचं नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा, नाहीतर तडा जातो.

दांडा स्टेनलेस स्टीलचा, ३०४ प्रतीचा, जाडी ३२ ते ३८ मिमी, भिंतीपासून अंतर दीड इंच. त्याहून जास्त अंतर असेल तर पडताना कोपरापर्यंत हात आत अडकतो. चकचकीत पॉलिश नको, ओल्या साबणाच्या हाताने सटकतं, खरखरीत पकडीचा घ्या. एक उभा दांडा न्हाणीघराच्या दाराशी, आत पाऊल टाकताना धरायला. एक आडवा आंघोळीच्या जागी, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. एक कमोडच्या बाजूच्या भिंतीला, पुढच्या बाजूला वर चढत जाणारा तिरका. भोकं पाडण्याआधी सासऱ्यांना तिथे बसवून-उठवून त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते खडूने भिंतीवर खुणावून घ्या. पुस्तकातल्या मापापेक्षा ती खूण खरी. बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यात जड माणसाने दोन्ही हातांनी धरून मागे लोंबकळून बघायचं.

न्हाणीघराचं दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या उलट्या करून बाहेर उघडेल असं करा. माणूस दाराला टेकून पडला की आत उघडणारं दार हलत नाही, तोडावं लागतं. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येणारी खिटी लावा. बोळाला दोन्ही बाजूंनी कठडा, वळणावर तुटू न देता सलग वळवलेला. अडीच फुटातले दोन्हीकडचे तीन-तीन इंच जातील, तरी चालेल.

उंबरठ्यांबद्दल माझं मत: न्हाणीघर आणि माजघराचे काढून टाका. दर्शनी दाराचा सासूबाई काढू देणार नाहीत, आणि देऊही नये म्हणा, तिथे हळदकुंकू आहे. त्याच्या वरच्या कडेला पिवळ्या रंगाचा दोन इंची पट्टा मारा. सिमेंटचा छोटा उतार मात्र करू नका, पाय घासत चालणाऱ्याला तो दिसतही नाही आणि समजतही नाही. झोपाळा मागून साखळीने भिंतीला बांधता येतो, पण कड्यांवर टांगलेला असल्याने बाजूला डोलायचा तो डोलतोच. खुर्चीच बरी.

आंघोळीला १७-१८ इंच उंच, पाठ आणि हात असलेलं, पायांना रबरी टोप्या असलेलं स्टूल. प्लॅस्टिकचं चारशे रुपयांचं स्टूल ओल्या फरशीवर पाय फाकवतं. बादली दुसऱ्या स्टुलावर उंच ठेवा, वाकून तांब्या बुडवायला नको. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटतात, आणि ज्यांचा तोल डोळ्यांच्या भरवशावर टिकलेला असतो ते नेमके तेव्हाच कलतात. एक हात दांड्यावर ठेवूनच.

रात्रपाळी:

रुग्णसेवेतली आहे. ७८ किलो दोघींनी उचलायचे नाहीत. काखेत हात घालून तर मुळीच नाही, त्यांचा खांदा निखळेल नाहीतर तुमची कंबर जाईल.

पडल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. तिथेच पडू द्या, डोक्याखाली काहीतरी द्या, बोलतं करा. मग बघा: एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आहे आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललं आहे का? जांघेत दुखतंय का? तसं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं धरा, हलवू नका, १०८ ला फोन करा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वरून काही दिसो न दिसो, दवाखान्यात न्या. त्या गोळ्या नसल्या तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. म्हातारपणी डोक्यात रक्त हळूहळू साचतं आणि झोपाळूपणा, गोंधळ, वाढती डोकेदुखी उशिरा दिसते. पार्किन्सन्सच्या घरात हे "आजार वाढला" म्हणून हमखास अंगावर काढलं जातं.

काही मोडलेलं नसेल तर उठायचं काम त्यांचं, आपण फक्त सांगायचं. कुशीवर वळवा. खालच्या कोपरावर भार देऊन उठून बसतील. तिथून गुडघे आणि तळहातांवर, रांगायच्या स्थितीत. एक भक्कम खुर्ची त्यांच्या तोंडासमोर आणून ठेवा, दुसरीने ती मागून दाबून धरायची. दोन्ही तळहात खुर्चीच्या बैठकीवर. ज्या पायात जास्त ताकद तो पुढे आणून पाऊल टेकवायचं, दुसरा गुडघा जमिनीवरच. हातांनी बैठक दाबत उठायचं. मागून दुसरी खुर्ची लगेच सरकवायची आणि बसवायचं. बसल्यावर बीपी मोजा, पाणी द्या, दहा मिनिटं चालवू नका. गोळीचा अंमल उतरलेला असेल तर हे जमणारच नाही. तेव्हा चादर-उशी देऊन जमिनीवरच ऊबदार ठेवा आणि पुढच्या गोळीची वेळ आली असेल तर ती देऊन, चढली की उठवा. गोळी देण्याआधी टेकून बसवा, आडवं असताना पाणी घशात अडकतं. एरवी बरं वाटत असताना पलंगाशेजारी सतरंजीवर याची रंगीत तालीम दोन-चारदा करून घ्या.

चालताना धरायचं असेल तर कमरेला दोन इंची जाड कापडी पट्टा बांधा, सैल होणारं बक्कल नको, घट्ट बसणारं घ्या. तुम्ही त्यांच्या बाजूला आणि अर्धं पाऊल मागे, एक हात पट्ट्यात खालून वर घातलेला. समोर उभं राहून दोन्ही हात धरून चालवलं की ते तुमच्या अंगावर झुकत येतात आणि पावलं पळायला लागतात.

चपलांचं कुणी लिहिलं नाही. मोकळ्या सपाता बंद. मागे पट्टा असलेली, पातळ तळाची सँडल. जाड रबरी दातेरी तळ दुकानदार "पकड चांगली" म्हणून देतो, पण पाय घासत चालणाऱ्याचा तो फरशीला धरतो आणि माणूस पुढे जातो. पायजम्याची लांबी घोट्याच्या वर. पायजमा बसूनच घालायचा.

सूनबाई_वाडी:

बीपीच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन थांबवली आहे, न्युरॉलॉजिस्टने पहिली गोळी ५:३० ला पलंगावर द्यायला सांगितली. मिस्त्री परवा येतोय. बोळात जमिनीवर रेघा आखायच्या तर किती अंतराने? आणि व्यायाम कुठला?

चालणं_शिकवतो:

रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या, दीड ते दोन इंच रुंद, फरशीच्या उलट रंगाच्या. काळपट कोटा फरशीवर पांढरी किंवा पिवळी. अंतर ठरवायला गोळीचा अंमल असताना त्यांची चार पावलं मोजून सरासरी काढा, साधारण ४० ते ५० सेंमी येईल, तेवढंच ठेवा. दाराच्या दोन पावलं आधी सुरू करून दोन पावलं पलीकडे संपवा. चौकटीतच रेघ संपली तर ते चौकटीतच थांबतील. वळणावर तीन रेघा पंख्यासारख्या, घड्याळाच्या १, २, ३ प्रमाणे. चिकटपट्टी आठवडाभर मापं जुळवून बघण्यापुरतीच. रोज पोतेरं फिरवलं की तिच्या कडा सुटतात आणि त्यातच बोट अडकतं. मापं जमली की रंगवून घ्या.

व्यायाम गोळी घेतल्यावर तासाभराने, अंमल भरात असताना. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा, समोर खुर्चीची पाठ. म्हणजे मागे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, पुढे आधार, पडायला जागाच नाही. तिथे डावी-उजवीकडे वजन टाकणं दहा-दहा वेळा, मग एक पाऊल मागे मोठं टाकून परत येणं, प्रत्येक पायाने दहा. खुर्चीतून उठ-बस दहाचे दोन फेरे. ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) शिकवणारं कुणी भेटलं तर जरूर लावा. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९५ पार्किन्सन्स रुग्णांचा अभ्यास आला होता, आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे. नुसतं ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा पडणं कमी झालं होतं. कमाटी बागेत फिरायला नेणार असाल तर रविवारची गर्दी टाळा, आणि चालताना गप्पा नकोत. काही सांगायचं असेल तर दोघांनी थांबायचं, बोलायचं, मग पुढचं पाऊल. खिशात हात नाही, हातात पिशवी नाही.

एक तपासणी राहिली: हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व, दोन्ही एकदा बघून घ्या. आणि पायऱ्यांवर उतरताना चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, चालायचा चष्मा वेगळा, एकाच नंबरचा करून घ्या.